'म्हणे'ला कर्ता नाही

श्रा. व. ५, मोखाडा

पाऊस धरून बसलाय. सरपण ओले, चूल धुपते. आत्याबाई खोकतात आणि माझ्याकडे बघतात, जसे काही ढग मीच बोलावले. इकडच्या सख्ख्या आत्या, तेव्हा बोलायची सोय नाही.

सकरी आज कांडायला उशिरा आली. एरवी उजाडले की उखळापाशी असते. आज आली, मुसळ हातात घेतले आणि तशीच उभी. काय गं, म्हटले.

"लखमाचां पोर गेला, बाय."

पाड्यावर तापाने आणखी एक. लखमाचे घर तिच्या घराला लागून, मध्ये कुडाची एक भिंत. सकरीला इथे मागेपुढे कोणी नाही. त्या पोराला ती मांडीवर घ्यायची, नागलीची पेज भरवायची. कसा हसला ते मला परवाच सांगत होती.

"भगतानं तांदूळ पायलं," एवढे बोलली.

"मग? काय दिसलं तांदळात?"

"माना नाय सांगलां." आणि कांडू लागली. रोज गुणगुणते. आज गाणे नाही, नुसते मुसळ.

श्रा. व. ७

शेजारची दुकानदारीणबाई विरजण मागायला आली. विरजण मिळाले तरी उठेना. शेवटी एकदाचे निघाले, "वहिनी, तुमच्याकडे कांडायला येते ती भुताळी आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणजे… म्हणतात."

"तुम्ही म्हणता?"

"अगोबाई! मी कशाला म्हणू? मी आपलं ऐकलं."

आत्याबाई माजघरातून कान देऊन. ती गेल्यावर मनूला माझ्या कडेवरून काढून घेतले, ते दिवेलागणीपर्यंत दिले नाही. दीड वर्षाची पोर, ती मजेत होती. मी नव्हते.

श्रा. व. ८

कचेरी पुढच्या ओसरीवर, घर मागे. महालकऱ्याच्या घरी जेवणसुद्धा कचेरीत झाल्यासारखे. मीच ताटावर विषय काढला.

इकडून कळले, फिर्याद आलीच आहे. लखमा आणि पाड्यावरचे सगळे. सकरी भुताळी आहे, तिने पोरे खाल्ली, तिला पाड्यावरून काढावे.

"मग आता?"

"दोघांना बोलवायचं, विचारायचं. कायद्यात भुताळी नाही. लोकांत आहे." मग भात कालवणे झाले. "मात्र 'आहे' असं आपण लिहायचं नाही. 'भुताळी म्हणून म्हटली जाणारी' असं लिहायचं. तेवढ्या शब्दांवर त्या बाईचा जीव आहे."

मी म्हटले, नाशकाला शाळेत मास्तर विचारायचे, वाक्यातला कर्ता ओळखा. मग 'म्हणे'चा कर्ता कोण?

मोठ्याने हसणे झाले. "कर्ता नाही. म्हणून तर तो शब्द चालतो. ज्याला कर्ता नाही त्याला साक्षीला बोलावता येत नाही."

मला हसू आले नाही. ताक वाढले आणि उठले.

श्रा. व. ११

भिका शिपाई काल बोलावणे घेऊन पाड्यावर गेला होता. आज कळले काय झाले ते.

कागदावर सगळे नीट होते, 'भुताळी म्हणून म्हटली जाणारी सकरी'. भिकाला वाचता येत नाही, कारकुनाने वाचून दाखवले ते लक्षात ठेवून निघाला. पाड्याच्या मध्यावर उभा राहिला आणि ओरडला, "भुताळी सकरी कोण ती? सरकारनं बोलावलंय!"

सकरी दारात आली. म्हणाली, "मी."

आता पाडा म्हणतो, सरकारनेच तिला भुताळी म्हटले. आणि तिने ओ दिली.

भिकाला इकडून खूप बोलणे बसले. तो मान खाली घालून, "साहेब, एवढं लांब नाव उभ्या पावसात कुठं घेत बसू?"

वाईट माणूस नाही. त्याने फक्त वाक्य आखूड केले.

श्रा. अमावास्या, पिठोरी

सकाळी सकरी गाठोडे घेऊन अंगणात. भिजलेली. बोलेना. भिका बघून आला तेव्हा कळले. पाड्यावर तिच्या कोंबड्या मुरगळून दारावर टांगल्या, कारवीचे कूड उपटून ओढ्यात टाकले. लखमाच्या बाजूचा कूड तेवढा ठेवलाय. तो काढला तर त्याचे घर उघडे पडते ना.

इकडे विचारले. "निकाल लागेपर्यंत गोठ्यात राहू दे."

आत्याबाई सोवळ्यात होत्या. पिठाच्या मूर्ती मांडलेल्या, पोरांच्या आयुष्याचे व्रत. "आजच्या दिवशी! आज आया पोरांसाठी हात जोडतात, आणि तू हिला घरात घेतेस?"

घरात नाही, गोठ्यात, म्हटले.

वाण डोक्यावर घेऊन रीतीप्रमाणे विचारले, अतीत, म्हणजे वाणाचा पाहुणा, कोण? मनूने शिकवल्याप्रमाणे म्हटले, "मी." मला एकदम सकरी आठवली. दारात आलेली. वाणातली पुरी खाली पडली. आत्याबाईंनी पाहिले.

भा. शु. ६

आज कचेरीत चौकशी. मी दाराच्या फटीशी. अंगण माणसांनी भरलेले, ओल्या घोंगड्यांचा वास आतपर्यंत.

लखमा. मला वाटले होते दांडगा असेल. काटकुळा पोरगा निघाला, मिसरूडही धड नाही. मोठ्या माणसासारखा उभा राहायचा प्रयत्न.

"तू स्वतः काय पाहिलंस?"

"पोर हसला तिच्याकडं. मग तापला."

"आणखी?"

"मग मेला."

"तिनं काही केलेलं पाहिलंस का?"

"साहेब, दिसंल असां कोण करील?"

मग बाकीचे. "सांगतत." कोण सांगतात? "समदी." एक म्हातारी म्हणाली, सुनेने सांगितले. सुनेला पुढे केले तर ती म्हणाली, सासूने सांगितले. लोक हसले. मग एकदम हसायचे थांबले, आणि ते थांबणे मला आवडले नाही.

भगताला विचारणे झाले, तांदळात काय दिसलं? "दाण्यांनी नाव सांगलां." दाणे बोलतात का? भगत शांत. "साहेब, तुमचा कागद बोलतो ना?"

शेवटी सकरी. तू भुताळी आहेस का?

"नाय."

एकच शब्द. तिच्या बाजूने बोलायला दुसरे कोणी उठले नाही. मी दाराआड होते. महालकऱ्याच्या बायकोने कचेरीत बोलायचे नसते.

भा. शु. ८

निकाल लिहिणे चालू. रात्रीचे जेवण थंड. "जव्हारच्या दरबारात 'म्हणे' चालत नाही, बाजारू वाटतं. 'म्हटली जाणारी'चं भिकानं काय केलं ते पाहिलंस. आता 'कथित' लिहितो. कथित भुताळी. आटोपशीर आहे, तोडता येणार नाही."

म्हटले, कथित म्हणजे सांगितलेले. कोणी सांगितले ते त्यातही नाही. 'म्हणे'ला पागोटे घातले इतकेच.

आवडले नसावे. टाक खाली ठेवणे झाले.

मग मी बोललेच. "सरळ लिहावं ना, ती भुताळी नाही म्हणून."

"ते कसं लिहू? 'आहे' हे सिद्ध झालं नाही, एवढंच माझ्यापुढे आहे. 'नाही' हे कोणी सिद्ध केलं?"

"पण आपल्याला ठाऊक आहे."

"ठाऊक असणं निराळं, निकाल निराळा. मी आज ठाऊक आहे म्हणून 'नाही' लिहिलं तर उद्या दुसरा महालकरी ठाऊक आहे म्हणून 'आहे' लिहील."

खरे आहे. पण गोठ्यात ती बसली आहे, आणि खरे असून ते तिच्या उपयोगाचे नाही.

भा. शु. ११

निकाल वाचला. पुराव्याअभावी फिर्याद काढून टाकली. कथित भुताळी सकरी हिला कोणी त्रास दिल्यास शिक्षा होईल.

बाहेर भगत लोकांना समजावून सांगत होता, "साहेबाला पुरावा गावला नाय." म्हणजे आहे, पण सापडला नाही.

आणि दुसरे. लोकांनी भिकाला विचारले, कथित म्हणजे काय? भिकाला 'माहीत नाही' म्हणवत नाही, सरकारी पट्टा आहे ना कमरेला. म्हणाला, "मोठी असते तिला म्हणतात."

तेव्हा आता पाड्यावर असे आहे की सकरी साधी भुताळी नाही. कथित भुताळी आहे. दरबारने कागदावर लिहून दिली आहे.

इकडे सांगितले. निकालाचा कागद पुन्हा वाचणे झाले. मग, "दुसरा शब्द नव्हता गं."

भा. व. २

मनू तापली.

भा. व. ३

अंगाला हात लाववत नाही. डोळे अर्धे उघडे. दूध टाकते. माणूस जव्हारला पाठवला, दवाखान्यातून कोयनेलच्या पुड्या आणायला. ओढे भरलेत, कधी येईल कोण जाणे.

आत्याबाई, "अजून तरी तिला घालव."

नाही म्हटले. तापाचे दिवस आहेत, सगळीकडे आहे, जव्हारलाही आहे. स्वतःलाच सांगत होते बहुतेक.

दुपारी सकरी उंबऱ्याशी आली. कढत पाण्याचा तांब्या घेऊन, पोरीला पुसायला. मी उठले आणि दाराच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ठरवून नाही. पायच गेले.

तिने बघितले. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. काही बोलली असती तर बरे झाले असते.

भा. व. ४

पुड्या आल्या. कडू म्हणून थुंकते. मधात कालवून, नाक दाबून दिली. इकडची स्वारी कचेरीत बसते आणि उठून आत येते, बसते आणि उठून येते. गोठ्याकडे कोणी बघत नाही. न बघणे सगळ्यांच्या ध्यानात येते.

मीही तेच करते आहे. दाराआडून साक्षी ऐकताना ज्यांचा राग आला, त्यांच्यात आणि माझ्यात आज किती अंतर आहे…

भा. व. ६

घाम आला. पहाटे अंग गार, केस ओले चिंब. उठून बसली आणि पेज मागितली. मी रडले.

दुपारपर्यंत मोखाडाभर झाले की सकरीने सोडले. महालकऱ्याचे मीठ खाते म्हणून सोडले. पाड्यावरच्या पोरांना सोडले नाही, हिला सोडले. म्हणजे तिच्याच हातात होते.

आत्याबाईंनी नारळ आणि खण गोठ्याच्या तोंडाशी ठेवला. लांबून. नमस्कारही केला. मी म्हटले, आणि कोयनेल?

"कोयनेल लखमाच्या पोराला नाही का दिलं असेल कुणी?"

नव्हते दिले. कोण देणार? पण हे त्यांना सांगून काय उपयोग. मनू आजारी पडली तर सकरीने केले, बरी झाली तर सकरीने केले. यातून बाहेर पडायला त्या बाईला वाटच नाही.

भा. व. १०

आता माणसे येतात. फिर्याद करायला नव्हे, पाया पडायला. गोठ्यासमोर आजारी पोर ठेवतात, कोंबडी ठेवतात, "सोड, माय." सकरी सांगते, मी काही धरलेले नाही. मग तिला वाटते, निदान हात तरी फिरवावा. फिरवते.

काल एक जण आला दुसऱ्या पाड्यावरून. खांद्यावर मुलगी, मान लोंबती. सकरीने पाणी पाजले, मी पुडी दिली. वाटेतच गेली मुलगी. बाप परत आला, मुलीला घेऊनच. कुंपणाबाहेर उभा राहून गोठ्याकडे बघत राहिला. मग घराकडे बघितले. भिकाने जा म्हटल्यावर गेला.

कोंबडी ठेवून गेला. परत न्यायला हवी होती. ती अंगणात हिंडते आहे, तिच्याकडे बघवत नाही.

भा. अमावास्या, सर्वपित्री

सकाळपासून घरात पानांची गडबड. सकरी गोठ्यामागे एकटी भात पाखडत होती. मी गेले. मनू कडेवर होती. सकरीने पटकन पदर डोळ्यांवर ओढला.

"असं काय करतेस?"

"नको बाय. माझी नदर नको."

मी रागावले. हात धरून पदर काढला. म्हणाली, "बाय, एक इचारू? माणूस निजला का त्याचा जीव कोठं जातो?"

"कुठंही जात नाही."

"तुला काय ठावा? माझा जात आसंल. माना निजल्यावर काय ठावा नाय. समदी सांगतत. एवढी समदी खोटा कशी सांगतील?"

कचेरीत इतक्या माणसांसमोर ताठ मानेने 'नाय' म्हणाली होती ही. मला पहिल्यांदा खरे भय वाटले. तिचे नव्हे. तिच्यावर जे चालले आहे त्याचे.

तेवढ्यात लखमा. कुंपणाशी बसून होता, किती वेळ कोणास ठाऊक. मी भिकाला हाक मारणार, तर हात जोडले. "मी काय करनार नाय, बाई. तिला एवढाच इचारा, का खाल्लां. माझा पोर तिच्याकडं हसायचा. का खाल्लां ते सांगावा, मी जातो."

सकरी सुपातले भात बघत होती. हळूच बोलली, "माना नाय ठावा रं, लखमा."

नको होते असे बोलायला. "नाय" म्हणायला हवे होते. लखमाने मान डोलावली, जसे काही उत्तर मिळाले, आणि उठून गेला.

आ. शु. २

आधी निरोप धाडून सकरीला तिच्या भावाकडे पाठवले. काळू नाव, वांगणीला असतो, जव्हारच्या पलीकडे, फार आत. तिथे कोणाला काही माहीत नाही. इथे आता कधी काय होईल सांगता येत नाही. काल कुंपणाबाहेर पुन्हा तो मुलीचा बाप दिसला.

भिका सोबत. मी जुने लुगडे, तांदूळ, पुड्या दिल्या. सकरीने मनूकडे बघितले नाही. आत्याबाईंकडे बघून हात जोडले. त्या आत निघून गेल्या.

बजावले, भिका, वाटेत कोणाशी एक अक्षर बोलायचे नाही.

आ. शु. ६

भिका आला. दाभोशाच्या नदीपर्यंत पोचवली. पाणी उतरले आहे, भाऊ अलीकडे घ्यायला आला होता. बहिणीला बघून रडला म्हणे. (हा शब्द आता लिहवत नाही. भिका म्हणाला की रडला.)

"आणि तू काही बोलला नाहीस ना?"

"नाही बाईसाहेब. त्यानंच विचारलं, हिच्यावर काय आळ आला? मी म्हटलं काही नाही, साहेबांनी सोडली आहे, कागद आहे. काय कागद, म्हणाला. मग सांगितलं, कथित आहे म्हणून."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. भिका घाबरला, "वंगाळ झालं का काही?"



आ. शु. ८

इकडची स्वारी दसऱ्याच्या दरबाराला जव्हारला. पौर्णिमेनंतरच येणे होईल. जाताना म्हणणे झाले, "वांगणीकडून काही आलं तर मला जव्हारला कळव, स्वतः काही करू नकोस." देवापुढे अखंड दिवा आहे. आत्याबाई आणि मी पाळीपाळीने तेल घालतो. एरवी आमचे एका गोष्टीत एकमत नाही.

आ. शु. १०, दसरा

सोने वाटले. दुकानदारीणबाई आली, आपट्याचे पान दिले, जराशी बसली. "गेली ना ती? आता बरं वाटतं बघा मोखाड्यात." तिच्या घरी धाकटा अजून तापाने पडला आहे. तसे म्हटले तर म्हणाली, "हा साधा ताप."

आ. शु. १२

सगळे क्रमाने लिहिते.

उन्हे चढल्यावर दोघे आले. एक सकरीचा भाऊ काळू, तिच्यासारखेच कपाळ. दुसरा वांगणीचा म्होरक्या, पांढऱ्या मिशा, हातात काठी. लांबून चालत आलेले, पाय चिखलाने भरलेले. पाणी दिले ते म्होरक्याने घेतले नाही.

वांगणीत ताप आला आहे. पोरे पडली आहेत.

"साहेब जव्हारला आहेत, तिथे जा," म्हटले.

"जव्हारवरूनच आलों. साहेबाकडं नाय गेलों. साहेबाचा कागद सांगतो, पुरावा नाय. आमाला पुरावा नको. तुमच्याकडं ऱ्हायली ती. तुमचां मीठ खाल्लां. तुमी सांगा, आहे का नाय?"

"नाही."

"असा नाय. पोरीच्या डोकीवर हात ठेवून सांगा."

मनू माझ्या पायाशी होती, आपट्याची वाळकी पाने उडवत. आतून आत्याबाईंचा आवाज, "सूनबाई, हात ठेवायचा नाही. ऐकतेस का? हात ठेवायचा नाही!"

"आणि नाही ठेवला तर?"

म्होरक्याने काठीने वांगणीच्या वाटेकडे दाखवले. काळूने वर बघितले नव्हते, आता बघितले.

जव्हारला निरोप पाठवावा? तोवर वांगणीत काय होईल? 'नाही हे कोणी सिद्ध केलं?' कोणीच नाही. मी तरी कुठे केले. तापाच्या दिवशी मीच दारात आडवी उभी राहिले होते. मला जे ठाऊक आहे ते म्हणजे सकरी गाते, सकरी पेज भरवते, सकरीला स्वतःचीच भीती वाटते. याला कोण पुरावा म्हणेल. आणि डोके कोणाचे, तर मनूचे.

तिला उचलून घेतले. केस उन्हाने कोमट होते. हात ठेवला.

"सकरी भुताळी नाही. मी सांगते."

म्हणे नाही, कथित नाही. कर्ता मी.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, तांब्या असावा. काळू खाली बसला आणि जमिनीला डोके लावले. म्होरक्याने मग पाणी मागितले, प्याला. काळूला म्हणाला, "तू जा, बहिणीपाशी ऱ्हा. सांग त्याईना, मी येस्तवर तिला कोनी हात नाय लावायचा." आणि मला, "मी बाजारात ऱ्हातो, बाई. रोज येऊन पोरीला बघून जाईन. पोर चांगली दिसली का मी वांगणीला जातो, सांगतो, बाईची आन खरी."

चांगली नाही दिसली तर, ते त्याने सांगितले नाही. मी विचारले नाही.

काळू पळतच गेला.

आ. शु. १३

म्होरक्या आला. अंगणात उभा राहून मनूला पाहिले. ती त्याची काठी धरायला धावली. हसला. "चांगली आहे," म्हणाला, आणि गेला. आणखी एक-दोन दिवस बघतो म्हणाला.

आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. मनूला दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या. त्यांचे डोळे सुजलेत. जव्हारला निरोप घेऊन माणूस गेलाय. इकडून काय म्हणणे होईल ते मला आत्ताच ऐकू येते आहे. मी मनूला दर थोड्या वेळाने हात लावून बघते. खेळते आहे. चांगली आहे. पुन्हा हात लावते.

आ. शु. १४

मनू सकाळी उशिरा उठली. पेज अर्धी टाकली. चिडचिड. खेळायला खाली सोडली तर पुन्हा कडेवर.

दुपारी कपाळाला हात लावला. कढत वाटले. मग माझाच हात बघितला, तोही कढत. चुलीपाशी होते ना. गार पाण्यात हात बुडवून पुन्हा लावला. आता काही कळेना. उन्हात खेळली होती काल. दातही येताहेत, मागची दाढ. कोयनेलच्या पुड्या सगळ्या सकरीबरोबर दिल्या. जव्हारहून अजून कोणी नाही.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन दिवसांनी पहिला शब्द, "अंग बघितलंस?"

"उन्हाचं आहे."

मला वाटले आता बोलतील, माझे सगळे काढतील. तर पुढे आल्या, पोरीला माझ्याकडून घेतले, तोंड गार पाण्याने पुसले, केस विंचरले, डोळ्यांत काजळ घातले. गालाला जरा हळदीचे बोट. पुन्हा माझ्या कडेवर दिली.

"हसवत ने," म्हणाल्या. "कडेवरून उतरू देऊ नकोस."

भिकाने बाहेरून हाक मारली आहे. म्होरक्या आलाय. अंगणात काठी टेकल्याचा आवाज येतो आहे. जाते.